दोन स्विचांमधली बोलणी

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर केलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांची, यादी मागवली, की आपण केलेल्या ओळींच्या तळाशी चार ओळी आपोआप उभ्या असतात: १००२, १००३, १००४, १००५. शेजारी एफडीडीआय आणि टोकन रिंग या जुन्या नेटवर्क-प्रकारांची नावं. त्या पुसायला गेलं तर स्विच नकार देतो. त्याच यादीत खाली ‘एसएआयडी’ नावाचा एक रकाना असतो. त्यात व्हीलॅनच्या क्रमांकात एक लाख मिळवून आलेला आकडा दिसतो. व्हीलॅन १ समोर १००००१, व्हीलॅन १००२ समोर १०१००२. मी पुण्यात नेटवर्किंग शिकवायला लागल्यापासून जवळजवळ प्रत्येक तुकडीत कुणीतरी या रकान्यावर बोट ठेवतं, आणि मला तो प्रश्न मनापासून आवडतो. त्याचं उत्तर द्यायचं तर १९९० च्या दशकात जावं लागतं. तेव्हा एका तारेवरून अनेक नेटवर्कं नेण्याच्या अनेक भाषा एकाच वेळी चालू होत्या, आणि दोन स्विचना बोलायला सुरुवात करण्याआधी कुठल्या भाषेत बोलायचं हेच ठरवावं लागत होतं.

मूळ अडचण इथरनेटच्या घडणीतच होती. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी जे इथरनेट आखलं त्यात सगळी यंत्रं एकाच तारेला जोडलेली होती. एकानं बोलायचं, बाकी सगळ्यांनी ऐकायचं. पुढच्या दशकात ब्रिज आले आणि अशा तारांचे तुकडे एकमेकांना जोडता येऊ लागले. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्रीची रीत शोधली, त्यामुळे फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारी माहितीची पाकिटं, गोल गोल फिरत राहण्याचा धोका टळला. पण ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेला संदेश, मात्र शेवटच्या टोकापर्यंत पोचतच राहिला. यंत्रं वाढली, तसा गलकाही वाढला.

या गलक्याकडे नीट पाहणाऱ्यांपैकी डेव्हिड सिनकॉस्की हे नाव आमच्या धंद्यात फार कमी जणांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं. ते अमेरिकेतल्या बेलकोअर या संशोधन संस्थेत होते. टेलिफोन कंपन्यांसाठी काम करणाऱ्या माणसाला नेटवर्क म्हटलं की शहराएवढा पसारा डोळ्यांसमोर येतो, आणि त्या आकाराला पर्लमन यांचं एकच झाड पुरेना. झाड बनवताना जास्तीचे सगळे मार्ग बंद होतात आणि सगळी वाहतूक मुळाशी जमा होते. १९८८ मध्ये सिनकॉस्की आणि चेस कॉटन यांनी यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की एकाच नेटवर्कवर अनेक झाडं असावीत आणि प्रत्येक फ्रेमवर ती कुठल्या झाडाची आहे हे सांगणारी एक खूण असावी. खुणांना रंग समजा: लाल, हिरवा, निळा. लाल फ्रेमनं लाल झाडावरूनच जायचं. आज ज्याला आपण टॅग म्हणतो तो इथून सुरू झाला.

दुसरा धागा सिलिकॉन व्हॅलीतल्या एका छोट्या कंपनीचा. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती काढली आणि भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून तिचं नाव ‘कल्पना’ ठेवलं. १९९० च्या सुमारास या कंपनीनं सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला. सात पोर्ट म्हणजे आजच्या मानानं काहीच नाही, पण प्रत्येक पोर्टाला स्वतःची पूर्ण गती मिळते आणि दोन जोड्या एकाच वेळी बोलू शकतात, हे तेव्हा नवलाचं होतं. सिस्कोनं १९९३ मध्ये क्रेसेंडो कम्युनिकेशन्स विकत घेतली आणि १९९४ मध्ये कल्पना. क्रेसेंडोच्या गटातून, म्हणजे मारिओ मात्झोला, प्रेम जैन, लुका काफिएरो यांच्या हाताखालून, १९९५ मध्ये कॅटॅलिस्ट ५००० बाहेर आला. ही तीन नावं लक्षात ठेवावीत. पुढे ती परत येणार आहेत.

आता ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारी एकच तार, का लागते ते सांगते. स्विचच्या आत व्हीलॅन सांभाळणं सोपं आहे. फ्रेम कुठल्या पोर्टातून आली हे स्विचला माहीत असतं, त्यावरून ती हिशेब खात्याची की शेअर व्यवहारांची हे त्याला कळतं. पण ही माहिती स्विचच्या स्मरणात असते, फ्रेममध्ये नसते. फ्रेम बाहेर पडून दुसऱ्या स्विचकडे निघाली की तिची ओळख मागेच राहते. मग एक तर प्रत्येक व्हीलॅनसाठी दोन स्विचांमध्ये स्वतंत्र तार टाकायची, नाहीतर ओळख फ्रेमबरोबर पाठवायची.

स्वतंत्र तार टाकणं म्हणजे काय हे मी मुंबईत फोर्टमध्ये पाहिलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिथल्या एका जुन्या दगडी इमारतीतल्या वित्तसंस्थेचं नेटवर्क सांभाळत होते. भिंती हातभर रुंद, त्यांना भोक पाडायची परवानगी नाही, आणि वरच्या मजल्यांवर जायला लिफ्टशेजारची एकच डक्ट. ती आधीच विजेच्या आणि टेलिफोनच्या तारांनी गच्च भरलेली. तीन खाती तीन मजल्यांवर विखुरलेली. प्रत्येक खात्याची वेगळी तार खेचायची तर डक्ट पुरणार नव्हती, आणि बारा पोर्टांच्या स्विचवर निम्मे पोर्ट नुसते वर-खाली जाण्यातच संपले असते. तिथे पहिल्यांदा ट्रंक लागली आणि एकाच तारेवरून तिन्ही खाती तिन्ही मजल्यांवर पोचली, तेव्हा आमचे तारा ओढणारे मिस्त्री माझ्याइतकेच खूश झाले.

ओळख बरोबर पाठवायची हे सगळ्यांना पटलं होतं. कशी पाठवायची, यावर मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं मत होतं. थ्रीकॉमची स्वतःची खूण होती. एटीएम प्रकारच्या नेटवर्कवरून जायचं तर लॅन एम्युलेशन नावाचं वेगळंच प्रकरण होतं. एफडीडीआयच्या कण्यावर सिस्कोनं तर दुसऱ्याच कामाचं मानक वापरलं. ८०२.१० हे मानक मुळात डेटा सुरक्षित ठेवण्यासाठी लिहिलेलं. त्यात चार बाइटांची एक जागा होती, सुरक्षेचा कुठला करार लागू आहे हे सांगणारी. सिस्कोनं त्या जागेत व्हीलॅनचा क्रमांक घालायला सुरुवात केली. त्या जागेचं नाव एसएआयडी. एफडीडीआयचे कणे कधीच उखडले गेले, पण यादीतला रकाना तसाच राहिला.

इथरनेटसाठी सिस्कोनं जे केलं ते आयएसएल, इंटर-स्विच लिंक. मला ते आजही देखणं वाटतं. मूळ फ्रेमला हात लावायचाच नाही. तिच्यापुढे २६ बाइटांचं शीर्षक लावायचं, मागे ४ बाइटांची नवी तपासणी-बेरीज, आणि मधली फ्रेम तिच्या स्वतःच्या बेरजेसकट जशीच्या तशी. शीर्षकाच्या सुरुवातीला सिस्कोचा ठरावीक मल्टिकास्ट पत्ता, मग फ्रेम कुठल्या जातीची आहे ते, पाठवणाऱ्याचा पत्ता, लांबी, व्हीलॅनसाठी १५ बिट (वापरात त्यांतले १०, म्हणजे १०२४ व्हीलॅन), आत स्पॅनिंग ट्रीचा संदेश आहे का हे सांगणारं एक बिट, आणि फ्रेम स्विचच्या कुठल्या पोर्टातून निघाली याचा निर्देशांक, तो फक्त दोष शोधण्यासाठी. एखाद्या इंजिनिअरनं स्वतःच्या कामाच्या टेबलावर बसून, आपल्याला काय काय लागेल याचा विचार करून बनवलेली गोष्ट आहे ही. आत टोकन रिंगची फ्रेम घातली तरी चालायची.

याला पर्याय म्हणून आयट्रिपलईच्या समितीनं ८०२.१क्यू लिहिलं. ते डिसेंबर १९९८ मध्ये मंजूर झालं. तिथे विचार उलटा होता. आयएसएल म्हणजे उशीवर चढवलेला अभ्रा, काढला की आतली उशी होती तशी. ८०२.१क्यूमध्ये शिंप्यासारखी शिवण उसवायची, मध्ये पट्टी जोडायची आणि पुन्हा शिवायचं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर लगेच चार बाइट घुसवले जातात. पहिले दोन बाइट हेक्साडेसिमल ८१००, म्हणजे ‘पुढे टॅग आहे’ ही सूचना. उरलेल्या १६ बिटांत प्राधान्यासाठी ३, टोकन रिंगच्या पत्त्यांची सोय म्हणून १, आणि व्हीलॅनसाठी १२. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, ० आणि ४०९५ राखीव, हाती उरतात ४०९४. फ्रेमचं अंग बदललं म्हणून तपासणी-बेरीज नव्यानं करावी लागते. कमाल लांबी १५१८ वरून १५२२ झाली, आणि त्या चार बाइटांसाठी इथरनेटच्या मूळ मानकातही त्याच वर्षी दुरुस्ती करावी लागली.

तीस बाइट आणि चार बाइट यांतला फरक मोठ्या फ्रेमवर जाणवत नाही. पण सर्वांत छोटी फ्रेम ६४ बाइटांची असते. तिच्यावर ३० बाइटांचं ओझं म्हणजे जवळपास निम्मं. समितीच्या बाजूनं हा मुद्दा पक्का होता. त्याहून मोठा मुद्दा असा, की ८०२.१क्यू कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. मी आयएसएलचं कितीही कौतुक करत असले, तरी फोर्टच्या त्या इमारतीत जे झालं ते पाहिल्यावर माझं मत समितीच्या बाजूचंच आहे. तिथे एका मजल्यासाठी दुसऱ्या कंपनीचा स्विच आला. आमच्या बाजूला पोर्टावर आयएसएल कायमची चालू. तार जोडली, दोन्हीकडे हिरवा दिवा, आणि पलीकडे एकही फ्रेम पोचेना. नव्या स्विचवर आकडे पाहिले, तर ‘जायंट’ म्हणजे मर्यादेपेक्षा लांब फ्रेमचा आकडा सारखा वाढत होता. आयएसएलचं आवरण चढलेली पूर्ण लांबीची फ्रेम १५४८ बाइटांची होते. ती बिचाऱ्या स्विचच्या दृष्टीनं बिघडलेली फ्रेम होती, म्हणून तो इमानेइतबारे फेकून देत होता. आणि ज्या छोट्या फ्रेम आत शिरत होत्या, त्यांचा पत्ता त्याला अर्थहीन होता.

८०२.१क्यूनं एक तडजोड केली, तिनं मला आणि माझ्यासारख्या अनेकांना वर्षानुवर्षं काम पुरवलं. ट्रंकवरचा एक व्हीलॅन विनाटॅग जातो. त्याला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात. वाटेत एखादा जुना हब किंवा टॅग न कळणारं यंत्र असलं तरी निदान एक व्हीलॅन चालू राहावा, हा हेतू. पण एका टोकाला नेटिव्ह १ आणि दुसऱ्या टोकाला १० लिहिलेलं असलं, तर दोन वेगळी खाती गुपचूप एकमेकांत मिसळतात. आयएसएलमध्ये हा प्रश्नच नव्हता. तिथे सगळ्यांना आवरण चढायचं.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. टॅगची मूळ कल्पना निघाली ती अनेक झाडांसाठी. पण १९९८ च्या मानकानं टॅग घेतला आणि झाड मात्र सगळ्या व्हीलॅनसाठी एकच ठेवलं. सिस्को आयएसएलवर प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळं झाड चालवत होती. मग दोन्ही जुळवायला पीव्हीएसटी प्लस नावाची जोडणी करावी लागली, ज्यात सिस्कोचे झाडांचे संदेश एका वेगळ्या मल्टिकास्ट पत्त्यावर इतर कंपन्यांच्या स्विचांमधून आरपार जात. अनेक झाडं मानकात आली ती ८०२.१एस मध्ये, २००२ साली. म्हणजे सिनकॉस्की आणि कॉटन यांनी लिहिल्यानंतर चौदा वर्षांनी.

आता बोलण्यांकडे येते. आयएसएल एकटीच होती तेव्हा प्रश्न एवढाच होता, की ही तार ट्रंक आहे की साधी. त्यासाठी कॅटॅलिस्ट ५००० वर डायनॅमिक आयएसएल नावाची रीत आली. पोर्टाला वृत्ती द्यायची. ‘ऑन’ म्हणजे मी ट्रंक आहे. ‘ऑफ’ म्हणजे मी नाही. ‘डिझायरेबल’ म्हणजे मला व्हायचं आहे, मी विचारत राहीन. ‘ऑटो’ म्हणजे कुणी विचारलं तर होईन, स्वतःहून विचारणार नाही. आणि ‘नोनिगोशिएट’ म्हणजे मी ट्रंक आहेच, पण कुणाशी बोलणार नाही. कॅटॅलिस्टच्या सॉफ्टवेअरच्या ४.१ आवृत्तीपर्यंत हेच चाललं. त्यानंतर ८०२.१क्यूचीही भाषा शिकलेल्या स्विचांना दुसरा प्रश्न पडला: ट्रंक व्हायचं, पण आवरण कुठलं? म्हणून ४.२ पासून डायनॅमिक ट्रंकिंग प्रोटोकॉल, डीटीपी, आला आणि एकाच बोलण्यात दोन्ही गोष्टी ठरू लागल्या.

डीटीपीचे संदेश सिस्कोच्या त्याच मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, जिथे सिस्कोचे सीडीपी आणि व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये वाटणारा) हे प्रोटोकॉल जातात. ट्रंक जुळल्यावर दर ३० सेकंदांनी एक संदेश. ३०० सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर जुळलेलं मोडलं असं समजायचं. दोन्हीकडे ‘ऑटो’ असेल तर कुणीच विचारत नाही, आणि तार शेवटपर्यंत साधीच राहते. नव्या मुलांचा यावर विश्वास बसत नाही. दोघेही तयार आहेत तरी होत कसं नाही, असं विचारतात. मी त्यांना पोर्टावरची वाहतूक पकडून दाखवते. आणि दोघांना दोन्ही भाषा येत असतील तर? डीटीपी आयएसएल निवडायचा. घरची भाषा आधी.

यात एक अट लपलेली होती, ती मला एका विलीनीकरणाच्या वेळी नीट समजली. दोन संस्थांची कार्यालयं एकत्र येत होती. दोन्हीकडे सिस्कोचेच स्विच, दोन्हीकडे ‘डिझायरेबल’, तार नवी, तरी ट्रंक जुळेना. नोंदींत स्वच्छ लिहिलं होतं, की व्हीटीपीचं डोमेन जुळत नसल्यानं बोलणी करता येत नाहीत. डीटीपीच्या प्रत्येक संदेशात पाठवणाऱ्याच्या व्हीटीपी डोमेनचं नाव असतं, आणि ती नावं वेगळी असतील तर स्विच पुढे बोलत नाहीत. कागदावर दोन संस्था एक झाल्या होत्या, स्विचांच्या लेखी नव्हत्या. मला ही अट योग्यच वाटते. परक्या नेटवर्कला नुसत्या तारेच्या जोरावर आपले सगळे व्हीलॅन उघडून देऊ नयेत, एवढं शहाणपण बनवणाऱ्यांनी ठेवलं होतं.

दुर्दैवानं ते पुरेसं नव्हतं. कार्यालयातल्या टेबलाखालचा पोर्ट जर बोलायला तयार असेल, तर त्याच्याशी लॅपटॉपही बोलू शकतो. ‘मीही स्विच आहे, मला ट्रंक व्हायचं आहे’ असा एक बनावट संदेश, आणि सगळ्या खात्यांची वाहतूक एका खुर्चीपर्यंत. डोमेनचं नावही गुप्त नव्हतं. स्विच ते स्वतःच तारेवर सांगत असे. २००५ मध्ये येर्सिनिया नावाचं साधन जाहीरपणे दाखवलं गेलं, तेव्हापासून हे करायला विशेष ज्ञानाचीही गरज उरली नाही. कॅटॅलिस्ट ३५५० सारख्या काही मॉडेलांवर पोर्टाची मूळ वृत्तीच ‘डिझायरेबल’ होती. नंतरच्या ३५६० आणि ३७५० वर ती ‘ऑटो’ झाली. ‘ऑटो’ विचारत नाही हे खरं, पण विचारणाऱ्याला नकारही देत नाही. त्यामुळे माणसं बसतात ते सगळे पोर्ट सक्तीनं साधे करा, ट्रंकवर बोलणी बंद करा, हा मजकूर ऑडिटच्या याद्यांमध्ये कायमचा येऊन बसला. आज मीही तेच शिकवते, आणि त्यात तडजोड करत नाही.

आयएसएल त्याच काळात शांतपणे मागे पडत होती. २९५० सारख्या स्वस्त स्विचला ती येतच नव्हती, म्हणून त्यावर आवरण निवडायची आज्ञाही नव्हती. ३५६० वर मात्र दोन्ही भाषा होत्या. तिथे पोर्टाला थेट ‘ट्रंक हो’ म्हटलं, तर स्विच अडून बसायचा: आवरण ‘ऑटो’ असताना ट्रंक करता येत नाही, आधी ते ठरवा. माझ्या वर्गात या एका नकारानं जितकी मुलं गोंधळली असतील तितकी दुसऱ्या कशानं नाही. २००८ मध्ये सिस्कोचा नेक्सस ७००० स्विच आला. त्यात आयएसएल नव्हती आणि डीटीपीही नव्हता. भाषा एकच उरली, तेव्हा निवडायला काही राहिलं नाही.

पण गुंडाळण्याची कल्पना तिथे संपली नाही. आभासी यंत्रांनी भरलेल्या डेटा सेंटरना ४०९४ व्हीलॅन पुरेनात. ऑगस्ट २०१४ मध्ये व्हीएक्सलॅनचा आरएफसी ७३४८ प्रसिद्ध झाला. इथरनेट फ्रेम, शेवटची तपासणी-बेरीज वगळून, जशीच्या तशी घ्यायची आणि यूडीपीच्या पाकिटात घालायची; ओळखीसाठी २४ बिट, म्हणजे एक कोटी साठ लाखांहून जास्त आकडे. मूळ फ्रेमला पुन्हा हात लागत नाही. आणि २०१३ च्या नोव्हेंबरात सिस्कोनं जी एसीआय ही रचना जाहीर केली, तिच्या पोटात हेच गुंडाळणं आहे. ती ज्या इन्सिएमी नावाच्या कंपनीत घडली, ती मात्झोला, जैन आणि काफिएरो यांनी काढलेली. कॅटॅलिस्ट ५००० ज्यांच्या गटातून आला, तीच माणसं.

व्हीएक्सलॅनमध्ये दोन टोकं तारेवर एकमेकांना ‘तुला जमेल का’ असं विचारत नाहीत. कोण कुठे आहे हे बीजीपी या मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलवरून किंवा नियंत्रकाकडून आधीच कळवलेलं असतं. पण आवरणाचं वजन मात्र ५० बाइट आहे, आयएसएलपेक्षाही जास्त. आजही नव्या डेटा सेंटरच्या जोडणीत काही छोटी पानं उघडतात आणि मोठ्या फाइली अडकतात, अशी तक्रार घेऊन मुलं फोन करतात. मी त्यांना पहिल्यांदा वाटेतल्या प्रत्येक पोर्टाची फ्रेमची कमाल लांबी वाचून दाखवायला सांगते.